तिसऱ्या हाकेला ओ

दिवेलागण झाली की पारीच्या घरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. बाहेरून कुणी नाव घेऊन बोलावलं तर हातातलं काम हातातच ठेवायचं, कान द्यायचा आणि गप्प राहायचं. तिसरी हाक आली की मगच 'ओ' म्हणायचं. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, जे माणूस नव्हे त्याला तेवढा धीर नसतो. पारीला हे तिच्या आयशीनं सांगितलं होतं, आणि पारीनं आपल्या लेकाला, प्रदीपला, तो भिंत धरून चालायला लागला तेव्हापासून शिकवलं होतं.

पेणच्या खाडीकडच्या त्या कातकरवाडीत ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. पण पाळायचं म्हटलं तर पारीच पाळायची. तिला कारण होतं.

तिचा नवरा चंदर एका सांजेला पाणी ओसरल्यावर, सुकतीच्या वेळी, चिखलातले खेकडे, चिंबोऱ्या धरायला गेला होता. बरोबर वाडीतले दोघे गडी होते. काम आटोपून बांधावर चढता चढता मागच्या कांदळाच्या झाडीतून हाक आली, "चंदर." बाईचा आवाज. बरोबरच्यांनीही ऐकला. "पारी कशी काय आली हितं," असं म्हणून चंदरनं ओ दिली आणि तो परत चिखलात उतरला. त्या घडीला पारी घरात, फळीवरच्या देवापुढं वात सारखी करत होती. सकाळच्या भरतीनं चंदरला बांधाशी आणून ठेवलं. ते दोघे गडी पुढं कितीतरी दिवस पारीनं तोंड उघडलं की अंग चोरायचे. आवाज तिचाच होता, त्यांनी तरी काय करावं.

अवसेला पारी अंगणाच्या कडेला, शेवग्याखाली, पळसाच्या पानावर चंदरचा घास ठेवी. आणि रोजचा तिचा एक नेम होता. दिवा लावायचा, हात जोडायचे, लेकाचा आवाज ऐकायचा, मग भाकर मोडायची. आवाज ऐकल्याशिवाय घास नाही. प्रदीप लहान होता तोवर हे सोपं होतं. तो अंगणातच असायचा. ती दारातून तीनदा हाक मारी आणि तो तिसऱ्या हाकेला, जरा खोडीनं, लांबलचक ओ देई.

पुढं तो रोह्याला कंपनीत लागला. धाटावला आणखी पोरांबरोबर खोली घेऊन राहायला लागला. मग नेम फोनवर आला. पारीकडं बटणाचा फोन होता. ती हिरवं बटण दाबे, तिकडं वाजे, ती कापे. पुन्हा दाबे, पुन्हा कापे. तिसऱ्यांदा तो उचले. "ओ, आये."

वाडीतल्या बाया हसायच्या. "पारीचा फोन नुसता शिंकतो गो, बोलत नाय."

बोलणं तसं थोडंच असे. काय खाल्लंस, खोकला कसा हाय, कोण आलं, कोण गेलं. शेवटी ती म्हणे, "जेव आता." आणि प्रदीप रोज तेच म्हणे, "मला कोण वाढणार हितं? मी येऊ?" ती म्हणे, "ये की, कुणी आडवलंय?" मग दोघं हसत, आणि ती भाकरीला हात घाली.

शिमग्याला प्रदीप आला तो मोठा फोन घेऊन. जुन्या फोनचं हिरवं बटण दाबून दाबून खोलगट झालं होतं, हे त्यानं पाहिलं होतं. नव्या फोनवर त्यानं स्वतःचा फोटो मोठा करून ठेवला.

"ह्याच्यावर बोट ठेव. बस. अक्षरं वाचायला नकोत, काय नको."

"तीनदा ठेवायचं ना?"

प्रदीप फोनची काच शर्टाला पुसत राहिला. "आता कशाला तीनदा? फोटो दिसतो, नाव दिसतं. भुताचा फोटो असतो व्हय? मी पहिल्यालाच उचलीन."

"नेम हाय तो."

"नेम माझा आवाज ऐकायचा हाय. तो ऐकू आला म्हंजे झालं ना?"

बोलण्यात खोट नव्हती, पण बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता. पारीनं जुना फोन पत्र्याच्या डब्यात, चंदरच्या गळांशेजारी ठेवून दिला. चांगली चालणारी वस्तू टाकायची कशी, एवढंच तिच्या मनात होतं.

प्रदीप रोह्याला परतला त्या सांजेला तिनं दिवा लावला, हात जोडले आणि फोटोवर बोट ठेवलं. एकदा वाजलं न वाजलं तोच आवाज आला, "ओ, आये."

पारीनं दाराकडं बघितलं. दाराबाहेर नुसता अंधारत चाललेला बांध होता आणि धरमतरकडच्या बार्जचे दिवे.

"जेवलास?" तिनं विचारलं.

"आता जेवायचंय. तुझं झालं?"

"तुझा आवाज ऐकल्याबिगर कसं व्हईल?"

तो हसला. ती म्हणाली, "जेव आता." तो म्हणाला, "मला कोण वाढणार हितं? मी येऊ?" सगळं जसंच्या तसं. पारी जेवली. पण भाकर नेहमीसारखी उतरली नाही, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावी लागली.

दिवस गेले तशी तिला सवय झाली, आणि सवय झाली तशी कान उघडले. आधी प्रदीपच्या मागं सतत काहीतरी असायचं. खोलीतली पोरं, कुकरची शिट्टी, कंपनीचा भोंगा. आता मागं काहीच नसे. खोल विहिरीत जशी शांतता असते तशी. आधी तो दोन वाक्यांमधे खोकायचा. मसाल्याच्या डब्यासारखा वास येतो प्लांटात, घसा धरतो, म्हणायचा. आता खोकत नव्हता. खोकला बरा झाला म्हणून पारीनं देवापुढं नारळ ठेवला, आणि ठेवताना तिला वाटलं, हा नारळ आपण कुणासाठी ठेवतोय?

शिवाय तो हसायचा ते. रोज तेवढंच. सुरुवातही तीच, शेवटही तोच.

वाडीपासून जवळच मुसलमानांची घरं होती. तिथं हलीमाभाभीकडं पारी सुकट निवडायला, वाल सोलायला जायची. हलीमाचा मुलगा मुझम्मिल कतारला होता. तिच्या फोनवर तो रोज चेहऱ्यानिशी यायचा.

"मी त्याला ताट दाखवायला लावते," हलीमा सांगायची. "म्हणतो, मटण खाल्लं अम्मी. मी म्हणते, दाखव. मेल्याच्या पुढं पाव आणि डाळ. पकडला." आणि ती एवढी हसायची की सुपातली सुकट उडायची.

पारीनं तिला हळूच सांगितलं. खोकत नाय. मागं आवाज नाय. पहिल्या हाकेला ओ देतो.

"अगो, पोरगा बाईच्या नादाला लागला असेल. खोली बदलली असेल," हलीमा म्हणाली. "व्हिडिओ लाव. तोंड बघ त्याचं."

तिनं पारीच्या फोनवर कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट टेकवलं. वाजलं. काच काळी झाली. त्या काळ्या काचेत पारीचं आणि हलीमाचं तोंड दिसत होतं, बाकी काही नाही.

"ओ, आये," आवाज आला. "नेट नाय हितं. व्हिडिओ नाय व्हायचा. तू बोल ना."

हलीमानं पारीकडं बघितलं. फोन बंद करून ती म्हणाली, "नेट नाय, तर बोलतो कशावर?" ह्यावेळी ती हसली नाही. मगरिबच्या नमाजाला उठताना तिनं पारीच्या डोक्यावरून हात फिरवला, तसा ती कधी फिरवत नसे.

त्या दिवशी पारीकडून एक चूक झाली. दिवेलागणीनंतर गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नसतं. तिनं नाव नाही काढलं, पण विषय काढला. पहाटेपासून तो तिच्या मनात घुटमळत होता.

"तुझा बापूस आलेला सपनात," ती सांजेच्या फोनवर म्हणाली. "पाय चिखलानं भरलेले."

प्रदीप असता तर गप्प झाला असता. लहानपणी तर तो तोंडावर गोधडी घ्यायचा. फोनमधला आवाज मात्र लगेच म्हणाला, "बरं. त्याला सांग, प्रदीप सुट्टीला येतोय."

पारीनं फोन खाली ठेवला, पालथा. भाकर टोपलीत तशीच राहिली. ती देवापुढं बसून राहिली, आणि दिव्यातलं तेल संपेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चंदरला त्या सांजेला जी हाक आली ती पारीच्या आवाजात होती, आणि पारी घरी होती. आता प्रदीपच्या आवाजात कुणीतरी ओ देतंय. मग प्रदीप कुठं हाय?

दुसऱ्या दिवशी सांजेला तिनं पारख करायची ठरवलं. तिला एकच पारख येत होती. दिवा लावून तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"ओ, आये."

ती बोलली नाही. कापलं. पुन्हा ठेवलं.

"ओ, आये."

कापलं. तिसऱ्यांदा ठेवलं.

"ओ, आये."

तिन्ही ओ सारख्या. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून मूर्ती निघतात, तशा एकामागून एक काढून ठेवलेल्या. माणूस तिसऱ्यांदा ओ देताना वैतागतो, हसतो, काय झालं गो म्हणून घाबरतो. ह्यात काहीच नव्हतं. पारीनं पदर तोंडात धरला आणि त्या रात्री घास घेतला नाही. आवाज ऐकला होता, तरी नाही. तो कुणाचा होता हे ठाऊक असल्याशिवाय नेम पुरा कसा म्हणायचा?

सकाळी हलीमा तिच्याबरोबर पेण स्टेशनपर्यंत आली. गाडीत बसवताना हातात पावाची पिशवी कोंबली. "खा."

"नाय खाता यायचं, भाभी. पोर दिसल्यावर."

"मला ठाऊक हाय तुझं. तरी ठेव. पोराला दे."

नागोठणं गेलं, निडी आलं. गाडी तिथं जरा थांबली. समोरच्या बाकावरच्या पोरीनं फोन तोंडाशी धरून कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि फोनमधून बाईचा गोड, घासूनपुसून गुळगुळीत केलेला आवाज तिला उत्तर देऊ लागला. पारीनं तोंड खिडकीकडं फिरवलं. प्रत्येकाच्या हातात एकेक कांदळ आहे, असं तिला वाटलं, आणि जो तो त्यात हाका मारतोय.

धाटावची खोली तिला विचारत विचारत सापडली तोवर दुपार कलली होती. दार दिनेशनं उघडलं. हा प्रदीपचा खोलीतला सोबती, निडीकडच्या एका वाडीतला, शिमग्याला एकदा पारीच्या घरी जेवूनही गेलेला. रात्रपाळी करून झोपला होता. पारीला बघून त्याची झोप उडाली.

"काकी? तुम्ही कशा काय?"

"प्रदीप कुठं हाय?"

"कामावर. दुपारची शिफ्ट त्याची." आणि मग त्यानं उगाच बनियनवर शर्ट चढवायला घेतला.

"जिता हाय?"

दिनेशचा हात बाहीतच राहिला. "असं काय बोलता?"

"मग माझ्याशी रोज सांजेला कोण बोलतं?"

तो खाली बसला.  मग त्यानं सांगितलं. होळीनंतर प्रदीपला कायमची दुपारची शिफ्ट लागणार, हे आधीच ठरलं होतं. प्लांटात फोन नेता येत नाही, गेटवर खिडकीत जमा करावा लागतो. दिवेलागणीला प्रदीप आत असतो. आई वाट बघणार, जेवणार नाही, रात्री शिफ्ट सुटेपर्यंत तशीच बसणार. म्हणून दिनेशनं त्याला एक ॲप काढून दिलं. प्रदीपच्या फोनात आपोआप रेकॉर्ड होऊन साठलेली, आजवरची दोघांची सगळी बोलणी त्या ॲपला ऐकवली. ते शिकलं. आता पारीनं फोटोवर बोट ठेवलं की तेच उचलतं.

"त्याला लई वाईट वाटायचं काकी. पण तुम्ही उपाशी राहाल ह्याची त्याला भीती. तुम्ही फोन नाय केला तर ते सोताहून करतं, तसंपण लावलंय त्यानं. आय जेवली का नाय ते इचारायला."

"त्याला कसं कळतं काय बोलायचं?"

"शिकतं ना. तुम्ही जसं वागाल तसं ते वागायला लागतं. सारखं शिकत असतं."

पारीनं मान हलवली. तिला समजलं आणि पटलं नाही. हातातल्या गोष्टीचं नाव कळलं म्हणून ती गोष्ट बदलत नाही. "मला पोर दाखव," ती म्हणाली.

दिनेश तिला गेटवर घेऊन गेला. वॉचमनला काहीतरी सांगून आत निरोप धाडला. निरोप पोचून, साहेबाची परवानगी निघेपर्यंत ऊन उतरलं, आणि कंपनीच्या नळ्यांवर दिवे लागले. म्हणजे इथंही दिवेलागण झालीच. आतून माणसं ये-जा करत होती, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी पिवळी टोपी, अंगावर एकसारखे कपडे. एक जण बाहेर येऊन थेट फोनच्या खिडकीकडं वळला. चालणं प्रदीपसारखं होतं. पण पारीचा आता 'सारखं' ह्या गोष्टीवर विश्वास उरला नव्हता.

"प्रदीप," तिनं हाक मारली.

तो माणूस वळला नाही.

"प्रदीप."

त्याचे पाय थांबले. पाठ ताठ झाली. तरी वळला नाही. खिडकीच्या कडेवर ठेवलेला हात तेवढा घट्ट झालेला तिला दिसला. दिनेश काहीतरी बोलायला गेला, पारीनं त्याच्या तोंडापुढं हात धरला.

"प्रदीप."

"ओ," तो म्हणाला, आणि मगच वळला. वळला आणि खोकला. तो खोकला ऐकून पारी गेटच्या कट्ट्यावर बसली. हलीमाची पावाची पिशवी तिनं उघडली, एक पाव मोडला, अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. 

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. निघण्याआधी त्यानं तिच्यासमोर ते ॲप काढून टाकलं, आपल्या फोनवरून आणि तिच्याही. दिनेश खांद्यावरून बघत होता.

"गेलं?" पारीनं विचारलं.

"फोनातनं गेलं," दिनेश म्हणाला. "पण ते फोनात नसतंच काकी. लांब कुठंतरी त्यांच्या मशिनी असतात. तितनं पुसायला येळ लागतो म्हणतात."

 परतीच्या गाडीत निडी गेल्यावर प्रदीप म्हणाला, "तुला फसवायचं नव्हतं मला."

"ठाऊक हाय."

"तू उपाशी बसायचीस."

"बसले असते. शिफ्ट सुटल्यावर केला असतास फोन. नेमाला घड्याळ नसतं बाबा. ऐकायचा तुझा आवाज, मग तो कवाही येवो."

"मग आधी का नाय बोललीस?"

"तू इचारलंस कुठं?"

घरी आल्या आल्या तिनं पत्र्याच्या डब्यातून जुना फोन काढला. चंदरचे गळ त्याला अडकले होते, ते सोडवले. प्रदीपनं नव्या फोनातलं कार्ड त्यात घातलं, चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं तो लुकलुकला. नवा फोन त्यानं बंद करायला घेतला, तर पारी म्हणाली, "राहू दे. रोह्याला नेऊन कुणाला तरी देऊन टाक." बिनकार्डाचा फोन कुठं वाजतोय, असं प्रदीपलाही वाटलं. तो शेजाऱ्याच्या वायफायला जोडलेला आहे, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. त्यानं तो खिडकीच्या फळीवर ठेवला.

सांजेला पारीनं दिवा लावला. लेक समोर होता, तरी तिनं दारात जाऊन अंगणाकडं तोंड करून तीनदा हाक मारली आणि त्यानं चुलीपाशी बसल्या बसल्या लहानपणीसारखी लांबलचक ओ दिली. तिनं पान वाढलं. तांदळाची भाकर, चिंबोऱ्यांचा रस्सा. प्रदीपनं पहिला घास तोंडात घातला.

खिडकीतला फोन वाजला.

काचेवर प्रदीपचा फोटो उजळला. प्रदीपचा स्वतःचा फोन त्याच्या मांडीशी पडला होता, गप्प. दोघं फोटोकडं बघत राहिले. फोन थोडा वाजला आणि थांबला.

"पुसलेलं नाय अजून," प्रदीप म्हणाला. घास त्याच्या गालात तसाच होता. "आपण फोन केला नाय ना आज, म्हणून करतंय."

फोन पुन्हा वाजला. थोडाच. पुन्हा थांबला.

 परवाच्या सांजेला आपण काय केलं ते पारीला आठवलं. बोट ठेवायचं, कापायचं. बोट ठेवायचं, कापायचं. आणि तिसऱ्यांदा. ती पारख करायला गेली होती. तुम्ही जसं वागाल तसं ते वागायला लागतं, दिनेश म्हणाला होता. आजीच्या आजीपासून जे एक कुलूप दाराला होतं, त्याची किल्ली तिनं आपल्या हातानं दिली होती.

फोन तिसऱ्यांदा वाजला, आणि ह्यावेळी वाजतच राहिला.

"उचलू नको आये."

"तिसरी हाय," पारी म्हणाली. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची नसते असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दारात आलेलं, तीनदा बोलावणारं, त्याला गप्प राहून परत धाडायचं, हे तिच्या नेमात बसत नव्हतं. ती उठली, तिनं फोन घेतला.

"ओ," ती म्हणाली.

"आये," आवाज म्हणाला, प्रदीपच्या आवाजात, चुलीपाशी बसलेल्या प्रदीपच्या देखत. मागं ती विहिरीसारखी शांतता. "जेवलीस का?"

"बसलेय जेवायला."

"बरं केलंस."

रोजच्या सवयीनं पुढचे शब्द तिच्या तोंडून गेले, तिला थांबवता आले नाहीत. "जेव आता."

"मला कोण वाढणार हितं?" आवाज म्हणाला. "मी येऊ?"

'ये की' हे तिच्या जिभेवर आलं होतं. इतक्या सांजा ती हेच म्हणत आली होती. प्रदीपनं तिचं मनगट धरलं, भाकरीच्या हातानं, घट्ट. पारीनं ओठ मिटले. तिकडून घाई नव्हती. तिकडचं ते वाट बघत होतं, जसा प्रदीप नेहमी तिच्या त्या दोन शब्दांची वाट बघायचा, हसण्याआधी.

"तुझं पान भायेर ठेवते," पारी म्हणाली. "शेवग्याखाली. तितंच जेव."

 मग ते हसू आलं, रोजचंच, तेवढंच, आणि काच काळी झाली.

पारीनं पळसाचं एक पान पुसून घेतलं. भाकरीचा तुकडा, रश्शातली एक नांगी, वर थोडा भात. अवस नव्हती, तरी ती अंगणाच्या कडेला गेली, शेवग्याखाली चंदरच्या जागेशेजारी जरा जागा झाडली आणि पान ठेवलं. मागं न बघता आत आली. आत प्रदीप अजून तोच घास चावत होता.

"आता जेव," ती म्हणाली, आणि कोण जाणे का, तो नेहमीचं उत्तर देईल म्हणून तिनं कान दिला. त्यानं नुसती मान हलवली.

बटणाच्या फोनवर आता प्रदीप शिफ्ट सुटल्यावर करतो. दोनदा कापतो, तिसऱ्यांदा ती उचलते. मोठा फोन रोह्याला कुणीतरी घेतला म्हणतात. पण रोज दिवा लावल्यावर, लेकाचा आवाज यायला बराच अवकाश असताना, पारी शेवग्याखाली एक पान ठेवून येते. अवसेला दोन ठेवते.